लिथियम बॅटरी टपालाने पाठवताना…

रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, उल्हास नदीला मिळणाऱ्या पोशीर नदीच्या परिसरात त्याच नावाचे पोशीर गाव आहे. गाव मुंबईपासून फार दूर नाही, आणि आता परदेशापासूनही नाही. शहरात नोकरी करणारा मुलगा आपला जुना मोबाइल गावी आजोबांकडे पाठवतो. पावसाळ्यात वीज गेली तर असू द्यावी म्हणून चार्जिंगची विजेरी नाही तर पॉवर बँक धाडतो. गावाकडची आई परदेशी असलेल्या मुलीला फराळासोबत बॅटरीवर लुकलुकणारे दिवे पाठवते. ही सारी पुडकी दिसायला निरुपद्रवी असतात. पण त्या प्रत्येकात लिथियम बॅटरी असू शकते, आणि टपालाच्या दृष्टीने लिथियम बॅटरी हा धोकादायक माल आहे.

ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने ‘आत बॅटरी आहे का?’ असे विचारले की अनेकांना ती उगाच केलेली चौकशी वाटते. वस्तुतः त्या प्रश्नाच्या उत्तरावर पुष्कळ काही अवलंबून असते. खेड्यातील शाखा टपाल कार्यालयात दिलेले पार्सल तिथून मोठ्या कार्यालयात जाते, वर्गवारी केंद्रात पोहोचते, थैलीत बंद होते आणि रस्त्याने, रेल्वेने किंवा विमानाने पुढे निघते. पुढचा मार्ग पाठवणाऱ्याच्या हातात नसतो आणि त्याला तो बहुधा ठाऊकही नसतो. विमानाने जायचे ठरले, तर हेच पुडके काही तासांत हजारो फूट उंचीवर, कोणाचाही हात पोहोचणार नाही अशा बंद कप्प्यात असते. आत नेमके काय आहे, हे खात्रीने सांगू शकणारा माणूस एकच, आणि तो पाठवणारा असतो. टपालातील लिथियम बॅटरीचे सारे नियम या एका वस्तुस्थितीभोवती उभे आहेत.

बॅटरी पेट का घेते?

लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये जपानच्या सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणली. तिचा पाया घालणारे जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. थोड्या वजनात खूप ऊर्जा साठवणे हे या बॅटरीचे सामर्थ्य. तिचा धोकाही त्यातूनच निर्माण होतो.

बॅटरीच्या प्रत्येक सेलमध्ये दोन ध्रुव असतात. त्यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा एक अत्यंत पातळ सच्छिद्र पडदा असतो आणि सभोवती सेंद्रिय द्रावकातील द्रव असतो. हा द्रव ज्वलनशील असतो. पार्सल उंचावरून पडले, जड वस्तूखाली दाबले गेले, निर्मितीतच दोष राहिला किंवा सुट्या बॅटरीच्या टोकांना किल्लीसारखी धातूची वस्तू टेकली, तर आत किंवा बाहेर शॉर्ट सर्किट होते आणि सेल तापू लागतो. ठराविक मर्यादेपलीकडे गेल्यावर आतील रासायनिक क्रिया स्वतःच उष्णता निर्माण करू लागतात. ती उष्णता त्या क्रियांना आणखी वेग देते. एकदा सुरू झालेले हे चक्र बाहेरून थांबवणे अवघड असते. त्या सेलची उष्णता शेजारच्या सेलपर्यंत पोहोचते, मग तोही तसाच तापतो. एका पार्सलात चार सेल असणे आणि चाळीस असणे यांत त्यामुळे केवळ दहापटीचा फरक उरत नाही.

घड्याळ, मोटारीची रिमोट किल्ली, लहान दिवे यांत बहुधा चार्ज न होणारे सेल असतात. त्यांतील लिथियम-मेटल सेलमध्ये प्रत्यक्ष लिथियम धातू असतो. विमानांच्या मालकक्षात आग विझवण्यासाठी वापरला जाणारा हॅलॉन वायू लिथियम धातूच्या आगीवर प्रभावी ठरत नाही. लिथियम-आयन बॅटरीच्या बाबतीत तो ज्वाळा काही काळ दाबू शकतो. परंतु एका सेलकडून दुसऱ्याकडे जाणारी उष्णता त्याने थांबत नाही.

विमानात प्रवाशाला पॉवर बँक सामानात न टाकता स्वतःजवळ ठेवायला का सांगतात, याचे उत्तरही येथेच मिळते. सप्टेंबर २०१६ मध्ये सिंगापूरहून चेन्नईला येणाऱ्या इंडिगोच्या विमानात डोक्यावरील कप्प्यातल्या एका मोबाइलमधून धूर निघाला. कर्मचाऱ्यांनी अग्निशामक वापरला, मोबाइल पाण्यात बुडवला आणि विमान सुखरूप उतरले. धूर दिसला आणि माणसाचा हात तेथवर पोहोचला, म्हणून हे शक्य झाले. मालकक्षातील टपालथैलीत असे घडले तर तेथे ना कोणी पाहणारा असतो, ना विझवणारा.

नियम कसे घडले?

३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून जर्मनीतील कोलोनकडे निघालेल्या यूपीएस कंपनीच्या बोइंग ७४७ मालवाहू विमानात आग लागली. वैमानिकांनी विमान दुबईकडे वळवले. परंतु कक्षात धूर इतका भरला की उपकरणेही दिसेनाशी झाली. विमान कोसळून दोन्ही वैमानिक मृत्युमुखी पडले. विमानातील मालात लिथियम बॅटऱ्या मोठ्या प्रमाणात होत्या. संयुक्त अरब अमिरातीच्या तपास अहवालातील एक बाब लक्षणीय आहे. किमान तीन खेपांतील बॅटऱ्या धोकादायक मालाच्या वर्गात मोडत होत्या, पण त्या तशा जाहीर केलेल्या नव्हत्या.

त्यानंतर नियम कडक होत गेले. मे २०१२ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने लिथियम बॅटरी असलेल्या वस्तू परदेशी टपालाने स्वीकारणे थांबवले. त्याच वर्षाच्या अखेरीस काही अटींवर ती बंदी शिथिल झाली. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना आणि १८७४ मध्ये स्थापन झालेली जागतिक टपाल संघटना या दोन संस्थांच्या नियमांनुसार १ जानेवारी २०१३ पासून मर्यादित प्रमाणात, उपकरणात बसवलेल्या बॅटऱ्यांना हवाई टपालात वाट मोकळी झाली. सुट्या लिथियम-मेटल बॅटऱ्या माल म्हणून प्रवासी विमानातून नेण्यास २०१५ पासून, तर सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या नेण्यास १ एप्रिल २०१६ पासून मनाई झाली. मालवाहू विमानातून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या न्यायच्या तर त्यांतील भार ३० टक्क्यांहून अधिक नसावा, अशी अटही त्याच वेळी आली. भारतात हवाई मार्गाने धोकादायक माल नेण्यासंबंधीचे नियम २००३ मध्ये जारी झाले. त्यांचा आधारही याच आंतरराष्ट्रीय तांत्रिक सूचना होत्या.

काय चालते, काय चालत नाही?

आंतरराष्ट्रीय हवाई टपालाचा मूळ नियम एका वाक्यात सांगता येतो. बॅटरी ज्या उपकरणासाठी आहे त्या उपकरणात बसवलेली असेल, तरच ती टपालात जाऊ शकते. बॅटरी उपकरणाच्या आत असली की तिची टोके झाकलेली राहतात, उपकरणाचे कवच तिला दाबापासून जपते आणि तिला हलायला जागा नसते.

त्यामुळे सुटी बॅटरी चालत नाही. इतकेच नव्हे, तर एकाच खोक्यात कॅमेरा आणि त्याच्या बाजूला जादा बॅटरी ठेवली, तर तीही चालत नाही. कॅमेऱ्यातली बॅटरी नियमात बसते, शेजारची बसत नाही. असे असताना ती जादा बॅटरी मोज्यात किंवा डब्यात लपवून पाठवणे म्हणजे सर्वाधिक धोक्याची वस्तू सर्वांत कमी संरक्षणात पाठवणे होय.

सर्वाधिक गोंधळ पॉवर बँकेबाबत होतो. तिला बटण असते, दिवा असतो, तारा जोडण्याची सोय असते. म्हणून ती उपकरण वाटते. पण दुसऱ्या वस्तूला वीज पुरवणे हेच तिचे काम असल्याने नियमांच्या लेखी ती सुटी बॅटरीच ठरते. म्हणून ती आकाराने कितीही लहान असली, तरी हवाई टपालाने पाठवता येत नाही.

संख्येचीही मर्यादा आहे. एका टपाल वस्तूत चारपेक्षा अधिक सेल किंवा दोनपेक्षा अधिक बॅटऱ्या नसाव्यात. एकाच खोक्यात पाच मोबाइल भरून पाठवणे त्यामुळे नियमात बसत नाही.

तिसरी मर्यादा क्षमतेची. लिथियम-आयन सेलसाठी २० वॉट-तास आणि अनेक सेलच्या बॅटरीसाठी १०० वॉट-तास ही कमाल मर्यादा आहे. लिथियम-मेटल प्रकारात प्रत्येक सेलमध्ये एक ग्रॅम आणि प्रत्येक बॅटरीत दोन ग्रॅमपर्यंतच लिथियम असावे लागते. शिवाय बॅटरी संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेल्या चाचण्यांतून उत्तीर्ण झालेल्या प्रकारची असली पाहिजे. या चाचण्यांत उंचीवरील कमी दाब, तापमानातील चढउतार, कंपन, धक्का, शॉर्ट सर्किट यांचा समावेश असतो. नामांकित उत्पादकांच्या बॅटऱ्या या कसोटीला उतरलेल्या असतात. नाव-पत्ता नसलेल्या स्वस्त बॅटऱ्यांविषयी तशी खात्री देता येत नाही.

वॉट-तासांचा हिशेब

वॉट-तास हा शब्द अवघड वाटला तरी गणित सोपे आहे. बॅटरीवर एमएएच या एककात लिहिलेल्या आकड्याला हजाराने भागावे आणि त्याला व्होल्टने गुणावे. मोबाइलची बॅटरी ५००० एमएएच आणि ३.८५ व्होल्टची असेल, तर ५ गुणिले ३.८५ म्हणजे १९.२५ वॉट-तास. ही संख्या विसाच्या आत आहे. हीच बॅटरी ६००० एमएएचची असेल तर उत्तर येते २३.१.

मोबाइलमधील एकाच सेलची बॅटरी नियमांच्या दृष्टीने सेलच मानली जाते. त्यामुळे असा मोबाइल २० वॉट-तासांची मर्यादा ओलांडतो. काही उत्पादक मोठ्या क्षमतेसाठी दोन लहान सेल जोडतात. तेव्हा १०० वॉट-तासांची मर्यादा लागू होते, मात्र त्यांतील प्रत्येक सेल विसाच्या आत असावा लागतो. म्हणून अलीकडच्या मोठ्या बॅटरीच्या मोबाइलबाबत अंदाज न बांधता बॅटरीवर किंवा उत्पादकाच्या माहितीपत्रकात दिलेला आकडा पाहणे इष्ट.

लॅपटॉपची बॅटरी अनेक सेलची असते आणि सर्वसाधारणपणे १०० वॉट-तासांच्या आत राहते. विजेवर चालणाऱ्या सायकलीची बॅटरी मात्र अनेकदा काही शे वॉट-तासांची असते. ती टपालाने पाठवण्याचा विचारही करू नये.

बटण सेलवरील अक्षरेही उपयोगी पडतात. ‘सीआर’ने सुरू होणारा क्रमांक, उदाहरणार्थ सीआर २०३२, लिथियम सेल दर्शवतो. ‘एलआर’ने सुरू होणारा अल्कलाइन सेल असतो, त्याला लिथियमचे नियम लागू नाहीत. दिवाळीचे लुकलुकणारे दिवे किंवा चमकणारी राखी पाठवताना ही दोन अक्षरे पाहून घेतली, तर निम्मी शंका तिथेच फिटते.

देशांतर्गत टपालाचे काय?

पार्सल भारताबाहेर जाणार नसेल तर हे सारे कशाला, असा प्रश्न स्वाभाविक आहे. मात्र १९८६ मध्ये सुरू झालेल्या स्पीड पोस्टचे टपाल लांबच्या शहरांदरम्यान विमानानेही जाते. विमानात चढणाऱ्या वस्तूला विमान वाहतुकीचे नियम लागू होतात. मग ती पुण्याला उतरो वा पॅरिसला. रस्त्याने जाणाऱ्या पार्सलला उंचीचा धोका नसला, तरी बंद मालमोटारीत लागलेली आग शेकडो लोकांची पार्सले जाळू शकते आणि थैल्या उचलणारे हात माणसांचेच असतात.

कायद्याची पार्श्वभूमीही बदलली आहे. १८९८ च्या भारतीय टपाल कायद्यात स्फोटक, धोकादायक वा अपायकारक वस्तू टपालाने पाठवण्यास मनाई होती आणि तसे करणाऱ्यास शिक्षेची तरतूद होती. त्याची जागा २०२३ च्या टपाल कार्यालय कायद्याने घेतली. तो १८ जून २०२४ पासून लागू झाला. जुन्या कायद्यातील गुन्हे व शिक्षांची लांबलचक यादी त्यात नाही. मात्र सार्वजनिक सुरक्षेसाठी किंवा कायद्याचे उल्लंघन झाल्यास टपाल अडवण्याचा, उघडण्याचा व रोखण्याचा अधिकार केंद्र सरकार अधिसूचनेद्वारे अधिकाऱ्यांना देऊ शकते. विमान वाहतुकीचे बंधन तर स्वतंत्रपणे कायम राहते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. वर दिलेल्या आंतरराष्ट्रीय मर्यादा म्हणजे पाठवणाऱ्याचा हक्क नव्हे. कोणत्याही देशाच्या टपाल खात्याला अशी वस्तू हवाई टपालात स्वीकारायची असेल, तर त्या देशाच्या विमान वाहतूक प्राधिकरणाची मान्यता लागते. शिवाय ज्या देशात ती जाणार, तेथील नियमही आडवे येऊ शकतात. म्हणून एखादी वस्तू सर्व अटींत बसत असूनही खिडकीवर नाकारली गेली, तर ती कर्मचाऱ्याची मनमानी असतेच असे नाही. आधी चौकशी करून मगच पार्सल बांधणे दोघांच्याही सोयीचे ठरते.

ऑनलाइन दुकाने तर पॉवर बँक घरपोच पाठवतात, मग सामान्य माणसालाच बंदी का, असाही सवाल केला जातो. व्यावसायिक वाहतुकीत माल घोषित केलेला असतो, खोक्यावर बॅटरीचे चिन्ह असते, वेष्टन ठरलेल्या पद्धतीचे असते आणि तो कोणत्या मार्गाने न्यायचा याचा निर्णय वाहतूकदार जाणीवपूर्वक घेतो. टपालथैलीत मात्र राख्या, पुस्तके, औषधे आणि बॅटऱ्या एकत्र पडतात.

पार्सल बांधताना

पाठवण्यायोग्य उपकरण असेल तर काही दक्षता घ्याव्यात. मोबाइल वा लॅपटॉप पूर्ण बंद करावा. तो केवळ झोपलेल्या अवस्थेत असू नये. विजेरी, ट्रिमर अशा वस्तूंचे बटण प्रवासात दाबले जाणार नाही, अशी तजवीज करावी. बॅटरी पूर्ण चार्ज करून पाठवण्याचा मोह टाळावा. साठवलेली ऊर्जा जितकी कमी, तितकी दुर्घटनेची तीव्रता कमी. सुट्या बॅटऱ्यांसाठीची ३० टक्क्यांची मर्यादा येथे सक्तीची नसली, तरी तिच्या आसपास राहणे शहाणपणाचे.

खोके जाड पुठ्ठ्याचे व कडक असावे. केवळ कापडी पिशवीत शिवलेले किंवा लिफाफ्यात सरकवलेले उपकरण दाब सहन करू शकत नाही. आतील मोकळी जागा कागदाने वा फोमने भरावी. खोके हलवून पाहिले असता आत काही सरकता कामा नये. किल्ल्या, नाणी, चमचे अशा धातूच्या वस्तू त्याच खोक्यात ठेवू नयेत. पावसाळ्यात कोकणातील ओल लक्षात घेऊन उपकरण आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळावे. जुने खोके वापरत असल्यास त्यावरील आधीची चिन्हे व पत्ते काढून टाकावेत.

परदेशी टपालासोबत सीमाशुल्काचा जाहीरनामा भरावा लागतो. त्यात ‘भेटवस्तू’ एवढेच लिहून भागत नाही. ‘बॅटरी बसवलेला एक मोबाइल’ असे स्पष्ट लिहावे. तपासणीच्या वेळी क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर बॅटरी दिसली आणि जाहीरनाम्यात ती नसली, तर पार्सल अडकते, परत येते किंवा नष्ट केले जाते.

फुगलेली, गळकी, जुनी

जी बॅटरी फुगली आहे, गळते आहे, पाण्यात भिजली आहे, आदळून चेपली आहे किंवा वापरात नसतानाही गरम होते, ती उपकरणात असली तरी टपालाने पाठवू नये. दुरुस्तीसाठी कंपनीकडे पाठवायचा मोबाइल नेमका असाच असण्याची शक्यता अधिक असते, हे विसरू नये. २०१६ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी नोट ७ हे मोबाइल आगीच्या घटनांमुळे परत मागवले, तेव्हा अमेरिकेत ग्राहकांना आगरोधक अस्तर असलेली खास खोकी देण्यात आली आणि ती जमिनीवरील मार्गानेच परत न्यायची होती. सदोष बॅटरीसाठी साधे खोके पुरत नाही, याचा याहून स्पष्ट दाखला शोधावा लागणार नाही.

अशी वस्तू जवळच्या अधिकृत सेवा केंद्रात स्वतः नेऊन द्यावी. निकामी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकणेही चुकीचे आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून संकलन केंद्राकडे किंवा पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे पोहोचवण्याची जबाबदारी ग्राहकाची आहे आणि ती परत गोळा करण्याची व्यवस्था उत्पादकाने करायची आहे. नेईपर्यंत सुट्या बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी आणि ती ज्वलनशील वस्तूंपासून दूर ठेवावी.

एखादे पार्सल हाती आल्यावर गरम लागले, त्यातून गोडसर वा तीव्र रासायनिक वास आला किंवा धूर निघू लागला, तर ते उघडण्याचा प्रयत्न करू नये. माणसांना दूर करावे आणि अग्निशमन दलाला १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे. विझल्यासारखी दिसणारी बॅटरी काही वेळाने पुन्हा पेट घेऊ शकते.

एका शब्दाचे मोल

पोशीरच्या आजोबांना मोबाइल हवाच असेल, तर तो बंद करून, मजबूत खोक्यात भरून, आत बॅटरी आहे असे सांगून पाठवण्याचा मार्ग पाहता येईल. त्यांना पॉवर बँक हवी असेल, तर सुटीत घरी जाणाऱ्याने ती स्वतः न्यावी किंवा नेरळ-कर्जतच्या बाजारात विकत घ्यावी. गैरसोय इतकीच.

टपालाची सारी व्यवस्था विश्वासावर चालते. पत्र न उघडता पोहोचवायचे, हा टपाल खात्याने नागरिकांना दिलेला शब्द आहे. बंद पुडक्यात घातक काही नाही, हा नागरिकाने खात्याला द्यावयाचा शब्द आहे. शाखा कार्यालयातील डाकसेवकापासून विमानाच्या वैमानिकापर्यंत कोणीही ते पुडके उघडून पाहत नाही. ते सारे पाठवणाऱ्याच्या शब्दावर विसंबतात. म्हणून खिडकीवर ‘आत बॅटरी आहे का?’ असे विचारले गेले, तर खरे उत्तर द्यावे आणि कोणी विचारले नाही, तरी ते आपणहून सांगावे.